आंदणाच्या सोळा गाई

शनिवार, २२ जुलै २००६. दुपारी एक वाजून पन्नास मिनिटांनी, इंगोलश्टाटमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, लीलाबाईंनी तोंडाशी नेलेला घास परत ताटात ठेवला.

"कुणाचं खिल्लार मोडतंय म्हणालास?" त्यांनी विचारलं.

संघर्षने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या थोरल्या मुलाकडे, भास्करकडे. आपण नको ते बोलून बसलो एवढं त्याला कळलं. त्यात नको ते काय होतं, हे कळलं नाही. तो डार्मश्टाटला पीएच.डी. करत होता आणि सुट्टीत गावी जाऊन मंगळवारीच परतला होता. त्याचे वडील राजानंद यांनी लीलाबाईंच्याच वाडीवरच्या जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं नोकरी केली होती. त्यांनी आजींसाठी काळा मसाला दिला, शेंगांची चटणी दिली आणि एक निरोप दिला. मसाला आणि चटणी त्याने आल्या आल्या भास्करच्या बायकोच्या, प्रभाच्या हाती दिली. निरोप जेवताना दिला. बाबांनी सांगितलंय, तुम्ही खिल्लार मोडताय, सगळी जनावरं विकताय हे ऐकून वाईट वाटलं. पण जनावरं अशी दिसतायत की जाताना बाजार बघत राहील. शिंगंसुद्धा साळून गुळगुळीत केलीत.

"बेंदराला साळली आसतील," लीलाबाई म्हणाल्या.

"नाही आजी. बेंदूर झाल्यावर. गाईंचीपण."

लीलाबाईंनी ताट बाजूला सरकवलं. बेंदूर हा बैलांचा सण. गाईची शिंगं माणूस साळतो ती गिऱ्हाइकासाठी, हे त्या घरात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

प्रभा भाताचं पातेलं घेऊन टेबलाशी उभी होती. ती नवऱ्याकडे बघत होती आणि नवरा खिडकीबाहेर बघत होता. समोरच्या बाल्कनीत फुटबॉल विश्वचषकासाठी लावलेला जर्मन झेंडा स्पर्धा संपून दोन आठवडे होत आले तरी लटकत होता आणि उन्हाने त्याचा काळा पट्टा करडा पडत चालला होता. भास्कर त्या झेंड्याकडे असा बघत होता, जणू तो आत्ताच लावलाय.

प्रभाला सगळं तीन आठवड्यांपासून माहीत होतं.

लीलाबाईंनी मग संघर्षला एकेक प्रश्न विचारला, एखाद्या व्यापाऱ्याला विचारावा तसा. आवाज न चढवता. बाजार कुठला? सांगोल्याचा. कवा? उद्या, रविवारचाच. ट्रक कुणी ठरवला? ते त्याला माहीत नव्हतं. जनावरं किती?

"एकवीस, असं बाबा म्हणाले."

एकवीस म्हणजे सगळी. एप्रिलमध्ये त्या विमानात बसल्या तेव्हा दावणीला एकवीसच होती. पाच खोंडं आणि सोळा गाई-कालवडी.

"आई, आधी जेवून घे," भास्कर म्हणाला. "मग सांगतो मी."

"मला ठावं नसल्यालं माज्या गाईंचं तू काय सांगणार?"

भास्कर चोपन्न वर्षांचा होता. मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात त्याच्या हाताखाली चाळीस माणसं होती आणि ती त्याला वचकून असत. आईपुढे मात्र त्याने चमचा सरळ केला, पुन्हा वाकडा केला, आणि म्हणाला की हे तुला न विचारता झालेलं नाही. गावाकडून आपल्या धाकट्या गुरुदत्तने तुला फोनवर विचारलं होतं. तूच म्हणालीस, सोड.

"म्या?"

"हो. बेंदराच्या आदल्या दिवशी."

लीलाबाईंनी आठवायचा प्रयत्न केला हे प्रभाला दिसलं. प्रभाला आठवायची गरज नव्हती. त्या दिवशी फोन तिनेच उचलून सासूच्या हाती दिला होता आणि ती शेजारीच पोळ्या लाटत होती. स्पीकर चालू होता, कारण लीलाबाईंना रिसीव्हर कानाला धरवत नसे. गुरुदत्तने पावसाचं सांगितलं, माळाला गवत आल्याचं सांगितलं, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, दावी सोडू का?" आणि लीलाबाई हसून म्हणाल्या होत्या, "सोड की. ते काय इचारतूस?"

आषाढात, पाऊस पडून गेल्यावर, माळ हिरवा झाल्यावर, दावी सोडू का असं कुणी विचारलं तर त्याचा अर्थ एकच. जनावरं चरायला सोडू का. प्रभा सांगोल्याच्या कापडदुकानदाराची मुलगी, पण तिलाही तो कळत होता. प्रभाचं लाटणं तेव्हा थांबलं होतं. दुसराही अर्थ असतो, हेही तिला माहीत होतं. गाय विकताना तिचं दावं सोडून गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं असतं.

ती बोलली नव्हती. फोन ठेवला गेला होता आणि पोळी करपली होती.

"गुरुदत्तला फोन लाव," लीलाबाई म्हणाल्या.

कॉलिंग कार्डावरचे आकडे प्रभाला दोनदा दाबावे लागले. तिकडे संध्याकाळचे सहा वाजायला आले होते. गुरुदत्तने पहिल्याच घंटेला उचलला आणि आईने फोन करावा याचा त्याला आनंद झाला.

"आई, जेवलीस का?"

"गाई कुठं हायत?"

"दावणीला."

"उद्या कुठं आसतील?"

पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मग गुरुदत्त बोलायला लागला आणि बोलतच राहिला. तो एकटा आहे. पोरगा पुण्याला गेला तो परत यायचं नाव घेत नाही. गुरं राखायला माणूस मिळत नाही. दोन हजार तीनच्या दुष्काळात छावणीवर दहा महिने काढले, तेव्हाच त्याने मनाशी ठरवलं होतं की आई आहे तोवर, पुढे नाही. आणि आता आई तिकडेच राहणार म्हटल्यावर—

"कोण म्हणलं, म्या हितंच ऱ्हानार?"

"दादा म्हणाला."

लीलाबाईंनी भास्करकडे पाहिलंसुद्धा नाही. "ते मागनं बगू. गाई कुणाच्या हायत, गुरुदत्ता?"

"घरच्या."

"पाच खोंडं घरची. ती न्ये, इक, काय बी कर. सोळा कुणाच्या?"

याचं उत्तर गुरुदत्तला पाठ होतं, लहानपणापासून. त्यांच्यात मुलीला लग्नात गाई आंदण देतात. लीलाबाईंचं लग्न झालं तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या, किंवा तेरा. पासपोर्टवर १ जून १९२६ लिहिलेलं आहे, पण ते एजंटाने लिहिलेलं. बापाने दोन कालवडी दिल्या आणि सांगितलं, यांच्या पोटी खोंड झाला तर सासरचा, कालवड झाली तर तुझी, आणि तुझ्या कालवडीची कालवडही तुझीच. म्हणून त्या वेलातल्या प्रत्येक कालवडीच्या डाव्या कानाला लीलाबाईंनी स्वतःच्या हाताने खाच पाडली होती, अडुसष्ट वर्षं. खोंड विकायला पुरुष जात. खाचेच्या गाईचं दावं मात्र बाईनेच सोडायचं, दुसऱ्या कुणी नाही. ही गोष्ट कुठल्या कागदावर नव्हती. सांगोल्यापासून आटपाडीपर्यंतच्या बाजारांत ती व्यापाऱ्यांच्या डोक्यात होती.

"म्हणून तर तुला विचारलं," गुरुदत्त म्हणाला. "तू सोड म्हणालीस. वहिनीला विचार, ती तिथंच होती."

त्याने साक्षीदार म्हणून तिचं नाव इतक्या विश्वासाने घेतलं की प्रभाला क्षणभर त्याची कीव आली. टेबलाभोवतीच्या सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. भास्करची नजर सर्वांत जास्त वेळ तिच्यावर राहिली. पंचवीस वर्षांच्या संसारात ती नजर तिला चांगली ओळखीची होती. त्या नजरेने तिला अनेकदा गप्प केलं होतं, पाहुण्यांसमोर, बँकेत, मुलीच्या शाळेत.

"मी तिथंच होते," प्रभा म्हणाली. "आत्याबाई माळावर सोड म्हणाल्या, भाऊजी. तुम्हालाही तेच कळलं होतं."

"मग त्या दिवशी का नाही बोललीस?" भास्करने विचारलं.

"भिऊन."

तिला वाटलं होतं, आता सासूबाई काहीतरी बोलतील. लीलाबाईंनी फक्त पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला.

वहिनी उलटलेली पाहून गुरुदत्तचा तोल गेला. इतका वेळ तो भावाला सांभाळून बोलत होता, आता त्याने भावाला पुढे केलं. मला काय हौस आलीये का, म्हणाला. दादाला कागद पाहिजे होता. आईला बघायला गावी कुणी नाही, माझ्याच्यानं होत नाही, असा सही-अंगठ्याचा कागद. तो मी पाठवला. आता गोठा भरलेला आणि आई एप्रिलपर्यंत रोज उठून धारा काढत होती असं कुणी लिहून कळवलं तर तो कागद खोटा ठरणार. खिल्लार मोडलं म्हणजे कागद खरा.

भास्करने पुढे होऊन फोन बंद केला.

संघर्ष उठून बाल्कनीत जायला निघाला तेव्हा लीलाबाईंनी त्याला हाताने खाली बसवलं.

"कसला कागद?" त्यांनी विचारलं.

कागद आणला क्षितिजाने. भास्कर-प्रभाची ही एकुलती मुलगी बावीस वर्षांची होती, म्युनिकला शिकायची आणि शनिवारी घरी यायची. मराठी तिला सगळं कळे; उत्तर ती जर्मनमध्ये देई आणि आजी त्याचं उत्तर मराठीत, आणि दोघींचं काही अडत नसे. बापाच्या टेबलावरची निळी फाइल तिला ठाऊक होती. भास्कर "क्षितिजा, ठेव ती" म्हणाला, तोवर तिने ती उघडली होती.

भास्करने मग फाइल तिच्या हातून घेतली नाही. त्याने समजावून सांगायला घेतलं, आणि तो खोटं बोलत नव्हता. तीन महिन्यांचा व्हिसा संपला. पुढे राहू द्यायचं तर आउसलेंडरबेहोर्डे, म्हणजे परदेशी लोकांची कचेरी, एवढंच बघते की आईला मायदेशी कुणाचाच आधार नाही, इथल्या मुलाशिवाय ती जगूच शकत नाही. आउसरगेव्योनलिशे हेर्टे म्हणतात त्याला. साधी अडचण चालत नाही, असाधारण हाल लागतात. ते लिहिल्याशिवाय अर्ज आत घेत नाहीत.

"आणि फेब्रुवारीत काय झालं ते मी विसरू का?" त्याचा आवाज इथे पहिल्यांदा फाटला. "हौदापाशी पडलीस. गुरुदत्त तालुक्याला गेलेला. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत पडून होतीस उन्हात. मला दुसऱ्या दिवशी कळलं, दुसऱ्या दिवशी! मी इथून काय करणार होतो?"

"उन्हात न्हवते. गाई भवतीनं हुब्या ऱ्हायल्या. सावली केली त्यांनी."

"आई, गाईंनी सावली केली म्हणून तू वाचलीस असं मी लोकांना सांगू?"

"मग काय सांगितलंस लोकांना? वाच गं."

क्षितिजाने वाचलं. पत्राची भाषा सरकारी होती. तिने दोन वाक्यं जर्मनमध्ये म्हटली, थांबली, आणि पुढचं तुटक मराठीत सांगू लागली. असं ती क्वचितच करायची. अर्जदाराची आई अशक्त आहे. एकटी आहे. दुसरा मुलगा सांभाळायला तयार नाही. उत्पन्न नाही, मालमत्ता नाही. तिला रोजची कामं जमत नाहीत. मग ती पहिल्या पानावर गेली, जिथे चौकटी असतात. नाव. जन्मतारीख. वैधव्य. आणि व्यवसायाच्या चौकटीपुढे एकच शब्द.

"बेरूफ: काइनर," ती म्हणाली. आजीकडे बघून तिने तो मराठीत सांगितला, "काम… काही नाही."

"काय न्हाई?"

"काहीच नाही. तू काही करत नाहीस, असं."

लीलाबाईंनी तो कागद पुढ्यात ओढला. वाचता त्यांना येत नव्हतं, पण बोट बरोबर त्या चौकटीवर ठेवून त्या बसल्या होत्या.

"बहात्तर साली," त्या म्हणाल्या, "छावणीवर कारकून आला. जनावरं कुणाची? म्या म्हणलं, माजी. त्यो म्हणला, मालकाचं नाव सांग. म्या म्हणलं, मालक मरून तीन वरसं झाली. मग त्यानं गुरुदत्ताचं नाव लिवलं. आकरा वरसाचं पोर, नाक पुसायचं कळत न्हवतं, ते मालक. सोळा म्हयनं कृष्णंच्या काठाला जनावरं जगिवली, त्यातली चार माज्या मांडीवर मेली, आन् हा तवा सांगलीला कालिजात व्हता. खोंडांची जोडी इकून याला धाडलं व्हतं." हा म्हणताना त्यांनी भास्करकडे बोट केलं नाही, हनुवटीने दाखवलं. "त्यो कारकून परका व्हता. त्येला म्या शिव्या घातल्या आन् मोकळी झाले. आता ह्यो शबूद कुणी लिवला?"

पत्रावर सही भास्करची होती. तो काही बोलायच्या आत प्रभा बोलली.

"मी टाइप केलं, आत्याबाई. ह्यांनी सांगितलं आणि मी केलं."

"तुला ठावं व्हतं, ते खोटं हाय?"

"हो."

लीलाबाईंनी मान हलवली. प्रभाने त्यांच्या शिव्या ऐकल्या होत्या, अख्खी वाडी बाहेर यावी अशा, आणि आत्ता त्या आल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. त्या आल्या नाहीत.

"दास श्टिम्ट डॉख गार निश्ट," क्षितिजा बापाला म्हणाली. हे अजिबात खरं नाहीये. भास्करने तिला जर्मनमध्येच काहीतरी सुनावलं, की तुला कायद्यातलं काही कळत नाही, तेव्हा ती म्हणाली की कायद्याचं राहू दे, शब्द तर आहे ना. तिने पेन उचललं आणि 'काइनर' खोडून त्यावर एक लांबलचक शब्द लिहिला. फीत्स्युश्टरिन. आजीला तिने त्याचा अर्थ सांगायचा प्रयत्न केला. जनावरं पैदा करणारी बाई.

"पैदा गाय करती," लीलाबाई म्हणाल्या. "म्या येल राखते."

संघर्षला हसू आलं आणि त्याने ते आवरलं. भास्कर मात्र चिडला. सरकारी अर्जावर असं खोडतात का, तो म्हणाला, सोमवारी मला तिथे तोंड दाखवायचंय. आणि हे सगळं मी कुणासाठी केलं? मला काय त्या गाईंचं काही मिळणार आहे? "मी तिला त्या गोठ्यात मरू देणार नाही, एवढंच."

"मग कुठं मरू?" लीलाबाईंनी विचारलं. "ते बी लिवलंय का त्यात?"

भास्कर उठला आणि आतल्या खोलीत गेला. दार त्याने आपटलं नाही, अलगद लावलं. प्रभाला ते आपटल्यापेक्षा जड वाटलं.

साडेतीनच्या सुमारास टेबल आवरलं गेलं. लीलाबाईंनी संघर्षला जवळ बोलावलं आणि वडिलांना फोन लावायला सांगितला. राजानंद यांच्याशी त्या जे बोलल्या ते मोजून सात-आठ वाक्यांचं होतं. तुमी तीस वरसं माझ्या जनावरांना सुया टोचल्या, खाचा तुमाला ठाव्या हायत. उद्या बाजारात जायाचं. भांडायचं न्हाई. गुरुदत्ताच्या अंगाला हात लावायचा न्हाई. धा मानसांत उभं ऱ्हाऊन एवढंच म्हणायचं, डाव्या कानाच्या खाचंची गाय बाईनं सोडल्याली न्हाई. पाच खोंडांचं काय बी बोलायचं न्हाई, ती त्येची हायत.

राजानंद म्हणाले की जातो मी, पण लीलाबाई, तुमच्या मुलाने ऐकलं नाही तर? पोलिसांत सांगायचं तर गाई तुमच्या नावावर कुठेच नाहीत. दवाखान्याच्या नोंदवहीत मी स्वतः मालक म्हणून गुरुदत्तचं नाव लिहीत आलो. रकानाच तसा होता.

"ते आता कळलं व्हय तुमाला?" लीलाबाई म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या. जावा तुमी."

एवढं सांगून त्या सोफ्यावर आडव्या झाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. बाहेर उन्हाचा कडाका होता, छत्तीस अंश. रेडिओवर सारखं सांगत होते की म्हाताऱ्या माणसांनी पाणी पीत राहावं. प्रभाने उशाशी तांब्या ठेवला. तेव्हा भिंतीकडे तोंड ठेवूनच सासू म्हणाली, "लता काय म्हणती?"

लता म्हणजे गुरुदत्तची बायको, प्रभाची धाकटी जाऊ. तिचं मत आत्तापर्यंत कुणी विचारलं नव्हतं. प्रभाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. आणि विचार केल्यावर तिच्या लक्षात आलं की सासूबाईंनी हे सहज विचारलेलं नाही. दावणीची गाय दारातून जाते तेव्हा घरातली बाई बाहेर येते, तिच्या कपाळाला हळदकुंकू लावते, भाकरीचा घास देते, मगच तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडतो. त्याशिवाय नेलेली गाय व्यापारीही मनापासून घेत नाही. म्हणतात, तिच्यामागे घराचा तळतळाट येतो.

प्रभाने फोन स्वयंपाकघरात नेला.

लता कुजबुजत बोलत होती, म्हणजे गुरुदत्त घरात होता. प्रभाने आडवळण घेतलं नाही. उद्या सकाळी तू दारात येऊ नकोस, ती म्हणाली. गाईंना कुंकू लावू नकोस.

"तुमाला सोपं हाय, वयनी, सात समुद्रापलीकडनं," लता म्हणाली. "मला ह्याच घरात राहायचंय."

"मला माहितीये."

"काय माहितीये? आत्याबाईंच्या माघारी शेण कोण काढतंय? दोन म्हयनं माझी पाठ धरलीय. गाई गेल्या तर मला सुटल्यागत हुईल, खरं सांगते."

"खरंय तुझं," प्रभा म्हणाली. तेवढ्यात कार्डावरची मिनिटं संपत आल्याची सूचना इंग्रजीतून आली.

"त्यांना इचारलं का न्हाई पण?" लता एकदम म्हणाली. "समोर बसून इचारायला काय झालं व्हतं? मला बी कुणी इचारलं न्हाई, की तुजी पाठ दुखती का." आणि फोन कटला. लताने ठेवला की कार्ड संपलं, ते कळलं नाही.

संध्याकाळी भास्कर बाहेर आला तो चहाच्या निमित्ताने. डोळे लाल होते. आईला झोप लागली होती. त्याने बायकोला हळू आवाजात विचारलं की संघर्षला गाडीपर्यंत सोडू का, तेव्हा प्रभा म्हणाली, तो आज इथेच राहील, सकाळी फोन त्याच्याच मोबाइलवर येणार आहे. मग तिने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला आणि जे दुपारपासून मनात होतं ते सांगितलं.

"अहो, सोमवारी आपण तो अर्ज परत घेऊ."

"सही माझी आहे."

"टायपिंग माझं आहे. मी लिहून देईन की ते खोटं होतं."

"आणि मग? तिला परत पाठवायचं? गुडघा अजून वाकत नाही तिचा. तिथे ती पुन्हा पडली तर मला सांगायला तरी कोण असेल?"

"ते त्यांना विचारू. आपण त्यांना कधी काही विचारलं का?"

भास्करने चहा घेतला नाही. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने भावाला मोबाइलवरून फोन लावलेला प्रभाला काचेतून दिसला. तो बोलताना हात हलवत होता, पण थांब म्हणतोय की उरकून टाक म्हणतोय, हे काचेतून कळायला मार्ग नव्हता. आत आल्यावर तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. या घराची ही जुनी रीत होती आणि तिने ती त्या दिवशी शेवटची पाळली, असं ती पुढे म्हणत असे.

रविवारी सकाळी सहाला लीलाबाई अंघोळ करून, पातळ नेसून, काठी घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. क्षितिजा त्यांच्या पायाशी बसून होती. संघर्षचा मोबाइल मधल्या टीपॉयवर होता. भास्करही आला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

राजानंद यांचा पहिला फोन सहा वाजून वीस मिनिटांनी आला. तिकडे नऊ पन्नास झाले होते. ट्रक साडेआठला आला. त्यात एकवीस जनावरं आहेत, त्यांनी स्वतः मोजली. लता दारात आली होती की नाही, ते ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, मी चहा पीत होतो. खोंडं उतरवली, पाचही खुंट्याला बांधली. गाई ट्रकमध्येच आहेत. त्यांच्या कपाळावर कुंकू दिसतं का, असं लीलाबाईंनी विचारलं. फळ्यांच्या फटीतून नीट दिसत नाही, असं उत्तर आलं.

दुसरा फोन सहा पन्नासला. राजानंद यांनी दहा माणसांत सांगायचं ते सांगितलं होतं. गुरुदत्त त्यांच्या अंगावर धावून आला नाही, त्याने मान खाली घातली आणि बिडी पेटवली. आटपाडीचे दोन व्यापारी ट्रकपाशी गेले होते, कान बघून ते मागे आले. एक म्हणाला, म्हातारी जिती हाय का? आहे म्हटल्यावर तो खोंडांकडे वळला.

"जिती हाय म्हनावं," लीलाबाई म्हणाल्या. भास्करने पहिल्यांदा वर पाहिलं.

तिसरा फोन सात वाजून पंधरा मिनिटांनी आला आणि राजानंद भरभर बोलत होते. विजापूरकडचा एक व्यापारी आला आहे. कन्नड बोलतो. खाच त्याला माहीत नाही, आणि सांगितली तरी तो हसतो. त्याने ट्रकची मागची फळी काढायला लावली आहे. गुरुदत्त त्याच्यासमोर उभा आहे. दोघांनी हातावर उपरणं टाकलं आहे, आणि उपरण्याखाली बोटांनी भाव चालू आहे. त्यांनी काय ठरवलं ते बाहेरून कळत नाही.

"दावं कुणाच्या हातात हाय?" लीलाबाईंनी विचारलं.

राजानंद यांनी बघतो म्हटलं, आणि लाइन गेली. संघर्षने लगेच परत लावला. तो लागला नाही. साडेसातपर्यंत त्याने अकरा वेळा लावला. दावं सुटलं की नाही, हे त्या खोलीत अजून कुणालाच माहीत नव्हतं.